जरकन

सराफाच्या पेढीवर 'खोटा' हा शब्द जितक्या सहजपणे उच्चारला जातो, तितक्या सहजपणे तो कोर्टातही उच्चारला जात नसेल. कोर्टात निदान साक्षीपुरावा होतो, उलटतपासणी होते, आरोपीला चार शब्द बोलावयाची संधी मिळते. इथे खडा भिंगाखाली जातो, सराफ एक डोळा बारीक करतो, आणि "खोटा आहे" एवढे ऐकून घेऊन तो पुन्हा गिऱ्हाइकाच्या तळहातावर येतो. या निकालाचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. माणूस खोटा असू शकतो, कारण त्याला खरे ठाऊक असते नि तो ते लपवितो. दस्तऐवज खोटा असू शकतो, कारण तो कोणीतरी लिहिलेला असतो. परंतु जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षे निमूट पडून राहिलेला, कधी कोणाशी एक अक्षर न बोललेला दगड खोटा कसा ठरतो? त्याने असे सांगितले तरी काय होते?

हा प्रश्न मी जरकन या खड्याच्या निमित्ताने विचारतो आहे. आज आपल्या बाजारात, मग तो मुंबईचा झवेरी बाजार असो की मोखाड्याच्या आठवडेबाजारात गोणपाटावर माळा-बांगड्या मांडून बसलेल्या बाईचा पसारा असो, जरकन म्हटले की पांढरा, चकचकीत, स्वस्त खडा आणि हिऱ्याची नक्कल एवढाच अर्थ घेतला जातो. वस्तुतः हा खडा जरकन नव्हेच. पुष्कळदा ती नुसती काच असते. आणि जरा बऱ्यापैकी माल असला तर तो झिर्कोनियम या धातूच्या ऑक्साइडचा, माणसाने भट्टीत बनविलेला स्फटिक असतो. 1970 नंतरच्या वर्षांत मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो मोठ्या प्रमाणावर बनविण्याची रीत बसविली आणि 1976 पासून त्याचा व्यापार सुरू झाला. रशियात रीत बसलेला हा खडा आपल्याकडे 'अमेरिकन डायमंड' म्हणून विकला जातो! ज्याच्या नावात अमेरिका नि डायमंड हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत, त्या वस्तूने तिसऱ्याचेही नाव पळवावे, यात आता नवल वाटू नये. हे तिसरे नाव म्हणजे जरकन.

खरा जरकन, ज्याला शास्त्रात झिरकॉन म्हणतात, तो खाणीतला नि नदीच्या गाळातला दगड. झिर्कोनियम, सिलिकॉन नि ऑक्सिजन यांचा बनलेला. त्याच्या नावात फारसी 'जर' म्हणजे सोने आहे असे मानतात; आपल्या जरतारीत नि जरीपटक्यात आहे तोच जर. सोन्याच्या रंगाचा तो जरगून, त्याचा पुढे जरकन झाला. खडा मात्र सोनेरीच असतो असे नाही. तपकिरी, पिवळा, नारिंगी, लाल, हिरवट आणि अगदी पाण्यासारखा बिनरंगी असे त्याचे अनेक अवतार आहेत. आपल्या नवरत्नांतला गोमेद आज हेसोनाइट म्हणून ओळखला जातो, तो गार्नेटच्या जातीचा. परंतु जुन्या पुस्तकांतून जरकनलाही गोमेद म्हटलेले आढळते. म्हणजे नावांच्या बाबतीत हा दगड मुळापासूनच दुर्दैवी.

त्याचे गुण मात्र दुर्दैवी नाहीत. मी मॅट्रिकपुढे गेलेलो नाही. जे थोडेफार वाचले ते मास्तरकीतून उरलेल्या वेळात. तेव्हा पांडित्य न करता, हातात धरून पाहिले असता जे कळते तेवढेच सांगतो. पहिली गोष्ट वजनाची. हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड असतो, तर जरकन साडेचार पटींहूनही थोडा अधिक. तेवढ्याच आकाराचा खडा तळहातावर घेतला की तो आपली जागा अधिक ठामपणे धरतो. दुसरी गोष्ट तेजाची. प्रकाशाचे तुकडे करून लाल-निळे-हिरवे कण उधळावयाचा हिऱ्याचा जो गुण, ज्याला जव्हेरी लोक खड्याची आग म्हणतात, तो मोजला तर हिऱ्याचा आकडा येतो 0.044 आणि जरकनचा 0.039. नीलम, पुष्कराज ही मानाची रत्ने, पण या बाबतीत ती जरकनच्या अर्ध्यावरही पोचत नाहीत. तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. जरकनमध्ये शिरलेला किरण दुभंगतो. पैलू पाडलेला खडा भिंगाखाली थोडा तिरका धरून आत पाहिले, तर तळाच्या पैलूंची प्रत्येक कड दुहेरी दिसते, जणू पाण्यात पडलेली दोन प्रतिबिंबे थोडी सरकून राहिली आहेत. हिऱ्यात असे कधी होत नाही. सराफाचा बारीक केलेला डोळा ती दुहेरी कडच शोधीत असतो. म्हणजे पाहा, ज्या खुणेने तो खड्याला खोटा ठरवितो, ती खूण खड्याने लपविलेली नसते. ती त्याच्या अंगात, नीट पाहणाऱ्या कोणालाही दिसेल अशी ठेवलेली असते.

त्याचे अवगुणही सांगितले पाहिजेत, नाहीतर जरकनची वकिली करता करता मीच खोटे बोलू लागेन. त्याची कठीणता फार तर साडेसात, हिऱ्याची दहा. आणि वर तो ठिसूळ. अंगठीत घालून रोज भांडी घासली तर काही वर्षांत त्याच्या कडा झिजतात, टवके उडतात. इतकेच नव्हे, तर एका पुडीत चार-सहा खडे सुटे ठेवले तर ते एकमेकांवर घासून एकमेकांच्या कडा खातात. म्हणून जाणता व्यापारी प्रत्येक जरकन वेगळ्या कागदात गुंडाळतो. हिऱ्याचे काम जरकन करू शकत नाही. पण हिऱ्याचे काम करीन असे त्याने म्हटले होते कधी?

ते म्हटले माणसांनी. सिंहलद्वीपाच्या दक्षिण टोकाला मातारा नावाचे गाव आहे. तिथल्या बिनरंगी जरकनला परदेशी व्यापारी 'मातुरा डायमंड' म्हणत. पुढे विसाव्या शतकातही, भट्टीतले खडे येण्यापूर्वी, हिरा परवडत नाही पण हिऱ्याची हौस आहे अशा घरांत हाच दगड गेला. कुठे सांगून गेला, कुठे न सांगता. ज्याचे स्वतःचे तेज एवढे, त्याला सगळा जन्म दुसऱ्याच्या जागेवर बदली मास्तर म्हणून काढावा लागला. आणि कायमचा माणूस येताच "हा खरा नव्हेच" असे म्हणून त्याला शाळेबाहेर काढले गेले. (बदली मास्तराची ही उपमा मला सुचावी हे साहजिकच आहे.)

आमच्या घरात हा प्रश्न एकदा नुसता तत्त्वाचा न राहता रुपयांचा झाला. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी तिला सात-सात खड्यांच्या कुड्या घातल्या होत्या. "हिऱ्याच्या कुड्या" असेच त्यांना घरात म्हणत. आई गेल्यावर तिचे दागिने दोन बहिणींत वाटले. ताईकडे पाटल्या गेल्या, धाकटीकडे कुड्या. दोन्हींची किंमत सारखी धरली होती. दोनेक वर्षांनी एका कुडीचे कोंदण सैल झाले म्हणून धाकटी नाशिकला एका सराफाकडे गेली, मी बरोबर होतो. सराफाने भिंग लावले, कुडी उलटी केली, पुन्हा सुलटी केली नि म्हणाला, "हिरा नव्हे हा. जरकन आहे. पण आजकालचा नव्हे हं, जुना, खाणीतला, खरा जरकन." मग आमच्या तोंडाकडे पाहून समजूत घालावी तसे पुढे बोलला, "खरा जरकन म्हणजे तरी काय, खोटाच की."

येताना बसमध्ये धाकटी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, आजोबा खोटं बोलले असतील का रे?"

याचे उत्तर मिळणे शक्य नाही. आजोबांना हिरे म्हणून कोणी विकले असतील. किंवा त्यांना ठाऊक असेल नि लेकीच्या सासरी मान राहावा म्हणून ते गप्प राहिले असतील. मला दिसते ते एवढेच, की 'हिरा' हा शब्द कोणीतरी एकाने, कोठेतरी एकदा, जाणूनबुजून खोटा घातला. त्यानंतर तो आईच्या, आमच्या नि शेजारणींच्या तोंडून निघाला तेव्हा प्रत्येकाचे तोंड प्रामाणिक होते. खोट्याची ही एक चमत्कारिक रीत आहे. त्याला पुढे चालावयाला लबाड माणसे लागत नाहीत; भल्या माणसांवर त्याचे छान भागते. आणि चौदा खडे या सगळ्या बोलण्याच्या खाली जसे होते तसे लखलखत राहिले.

इथे एक सोपे उत्तर हाताशी असते नि ते मला मान्य नाही. "दिसायला सुंदर आहेत ना, आईची आठवण आहे ना, मग हिरा काय नि जरकन काय!" असे आम्हाला चौघांनी सांगितले. सांगणारे मायेने सांगत होते. पण या मायेत एक अन्याय दडलेला आहे. वाटणीत धाकटीला कमी मिळाले होते, हे काही सौंदर्याने भरून येत नाही. ज्याने हिऱ्याचे दाम मोजले नि जरकन नेला, त्याला "तुझा खडा किती देखणा आहे" असे म्हणणे म्हणजे त्याची दुसऱ्यांदा फसवणूक करणे आहे. सौंदर्याची भाषा फार वेळा अशा ठिकाणी वापरली जाते, जिथे खरे म्हणजे हिशेबाची वही उघडावयाला हवी.

ती वही आमच्या ताईने उघडली. ताई चौथीपर्यंत शिकलेली, तत्त्वज्ञान तिच्या गावीही नाही. ती म्हणाली, "कुड्या तिच्याच. पण मला पाटल्या जास्तीच्या आल्यात, त्याचं मी देते." धाकटी म्हणाली, "ताई, मला पैसे नकोत, कुड्या आवडतात म्हणून घेतल्यात." त्यावर ताई जे बोलली ते मी त्याच रात्री लिहून ठेवले. "आवडतात ते आवडतात. हिशेब तो हिशेब. एकात दुसरं घालू नको." आणि तिने पाटल्यांचे मोल काढून फरक दिला.

जरकनवर मी जेवढे वाचले त्यात यापेक्षा नेमके काही सापडले नाही. खड्याचे गुण ही एक वही आणि माणसांमाणसांतला व्यवहार ही दुसरी. हिरा म्हणून जरकन विकणाराने दुसऱ्या वहीत खोटी नोंद केली. आपण त्याची शिक्षा पहिल्या वहीत लिहितो नि दगडाला खोटा म्हणतो. आणि उलट, पहिल्या वहीतल्या गुणांवर भुलून दुसऱ्या वहीतली चोरी माफ करतो.

मग मधलेही एक प्रकरण आहे, ते अधिक गुंतागुंतीचे. निळा जरकन आज फार मागणीचा. तो निळा मुळात बहुतेक नसतोच. कंबोडियाच्या रतनकिरी भागातले तपकिरी खडे भट्टीत घालून, हवा बेताची ठेवून, हजार अंशांच्या आसपास तापविले की त्यांतले काही निळे होतात, काही बिनरंगी. आता हा खोटेपणा म्हणावयाचा काय? कच्चे मडके आव्यात भाजले म्हणून मडके खोटे होत नाही. अग्नीने जे बाहेर आणले ते दगडाच्या अंगातच होते. बाहेरून रंग फासलेला नाही. इथपर्यंत माझे मन तापविणाराच्या बाजूने आहे. परंतु यांतले काही निळे खडे फार काळ उन्हात राहिले की पुन्हा तपकिरीकडे वळतात. तेव्हा ज्याने हे ठाऊक असून सांगितले नाही, त्याची भट्टी निर्दोष असली तरी त्याची जीभ निर्दोष नाही. पुन्हा तेच. तोल जातो तो अग्नीपाशी नव्हे, जिभेपाशी.

कोणी म्हणेल, दुसऱ्यासारखे दिसणे यातच मूळ पाप आहे. जो सारखा दिसतो तो फसवितोच. हे मला पटत नाही, आणि जव्हार-मोखाड्याच्या कोणालाही ते पटू नये. आमच्याकडे बोहाडा होतो. रात्रभर संबळ-पिपाणीच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात (आता जनरेटरच्या दिव्यांतही) एकामागून एक सोंगे निघतात. लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून गणपती येतो, शारदा येते, रावण, नरसिंह, त्राटिका येतात, आणि शेवटी देवी महिषासुराला मारते. देवीचे सोंग घेतलेला माणूस कोण हे पाहणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असते. काल तोच शेजारच्या बांधावर गवत कापीत होता. तरी म्हाताऱ्या बाया पुढे होतात नि त्याच्या पाया पडतात. त्या फसलेल्या नसतात. मुखवट्यामागचा माणूस नि मुखवट्यातली देवी ही दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसत असतात, जरकनमधल्या दुहेरी कडेसारखी. 'सोंग' हा शब्द बाकी मराठीत शिवीसारखा वापरतात; आमच्या मुलखात अमुक एका घराण्याकडे अमुक सोंग आहे असे मानाने सांगतात. फरक एवढाच, की इथे सगळ्यांना सगळे ठाऊक आहे. मी कादंबऱ्या लिहितो, त्यांतली माणसे जन्मलेली नसतात. तरी मला कोणी लबाड म्हटलेले नाही, कारण पहिल्या पानावर 'कादंबरी' असे छापलेले असते. ती चार अक्षरे काढून टाकली तर मात्र मी गुन्हेगार.

जव्हारजवळ शिरपामाळ आहे. 1664 च्या जानेवारीत सुरतेवर पडलेल्या छाप्याआधी, त्या वाटेने जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले नि जव्हारच्या विक्रमशहाने त्यांना शिरपेच अर्पण केला, म्हणून ते शिरपामाळ, असे आमच्याकडे सांगतात. त्या शिरपेचात कोणते खडे होते, असे विचारलेले कोणी माझ्या ऐकण्यात नाही. (जव्हार या नावातच जवाहीर ऐकू येते, ही नुसती कानाची गंमत; तिच्यावरून व्युत्पत्ती काढावयाचा माझा विचार नाही.)

रत्ने आमच्या डोंगरांत नाहीत. विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी कातळ फोडताना त्याच्या पोकळीत कधी पांढरे लखलखीत स्फटिक सापडतात. पोरे ते खिशात घालून शाळेत आणतात नि "गुरुजी, हिरा!" म्हणून टेबलावर ठेवतात. ती गार असते, नाहीतर झिओलाइट. 'हिऱ्यापोटी गारगोटी' ही म्हण त्यांना पाचवीत शिकवावी लागते, तेव्हा माझा आवाज थोडा खाली येतो. नाशिकपलीकडे सिन्नरला 'गारगोटी' नावाचेच एक संग्रहालय आहे. तिथे याच दख्खनच्या काळ्या खडकातून निघालेली अशी स्फटिके काचेच्या कपाटांत दिवे लावून मांडली आहेत नि लोक तिकीट काढून ती पाहतात. म्हणीला ते अजून कळलेले नाही.

पण जव्हारचा नि जरकनचा एक संबंध खरोखरीच आहे, आणि तो मला कळला तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन उभा राहिलो. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, हे शाळेच्या पुस्तकात आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या थरांचे गट पाडून त्यांना गावांची नावे दिली आहेत. वरच्या अंगाला महाबळेश्वर, त्याखाली आंबेनळी, पोलादपूर, बुशे, खंडाळा असे उतरत उतरत भीमाशंकर, ठाकूरवाडी, नेरळ, इगतपुरी, आणि सगळ्यांच्या तळाशी, पायाला, जव्हार. ज्या तालुक्याचे नाव वर्तमानपत्रांत कुपोषणाच्या बातमीपुरते येते, त्याच्या नावावर सह्याद्रीचा पाया आहे.

हे थर केव्हा साचले? याचे सर्वांत नेमके उत्तर जरकननेच दिले. काळ्या पाषाणात तो सहसा सापडत नाही. परंतु दोन थरांच्या मधे कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, आणि त्यात ज्वालामुखीच्या राखेबरोबर येऊन पडलेले जरकनचे कण मिळतात. वाळूहून बारीक, कुठल्याही कुडीत न बसणारे. जरकनचा स्फटिक बनताना तो युरेनियमला आपल्या घडणीत थोडी जागा देतो, शिशाला देत नाही. पुढे युरेनियम ठरलेल्या गतीने झिजून त्याचे शिसे होत जाते. तेव्हा आज त्या कणात जे शिसे सापडेल ते आतच जन्मलेले, आणि त्यावरून कणाचे वय निघते. युरेनियमही दोन प्रकारचे. एक निम्मे होण्यास सुमारे 447 कोटी वर्षे घेते, दुसरे सुमारे 70 कोटी. दोघांची साक्ष वेगवेगळी घेऊन ताडून पाहता येते. अशा साक्षीवरून 2015 साली ब्लेअर शोन नि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की दख्खनचा मुख्य लाव्हा सुमारे साडेसात लाख वर्षांत, अकरा लाख घनकिलोमीटरांहून अधिक, बाहेर पडला, आणि त्याची सुरुवात डायनोसॉर ज्या सीमेवर संपले तिच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी झाली. ही सीमा 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची. ऑस्ट्रेलियाच्या जॅक हिल्समध्ये तर 440 कोटी वर्षांचा एक कण सापडला, त्याची माहिती 2001 साली प्रसिद्ध झाली. पृथ्वीवरच घडलेली त्याहून जुनी वस्तू अजून कोणी दाखविलेली नाही. आपण ज्याला खोटा म्हणतो, त्याच्याइतका जुना नि उलटतपासणीला टिकणारा साक्षीदार या भूमीवर दुसरा नाही.

मात्र ही साक्ष फुकट होत नाही. वय सांगणारे तेच युरेनियम आतून स्फटिकाची घडी विसकटीत असते. ज्यात ते फार, तो खडा कोट्यवधी वर्षांत गढूळ, हिरवट, हलका होतो. त्याची दुहेरी कड मिटते, आणि मोडलेल्या घडीतून शिसेही निसटते, मग त्याच्या साक्षीचा भरवसा राहत नाही. जव्हेऱ्याला नि शास्त्रज्ञाला दोघांनाही ज्याने फारसे सोसलेले नाही तोच खडा हवा असतो, हे वाचून मला जरा वाईट वाटले. यातून काही अर्थ काढावा असा मोह होतो, पण दगडावर आणखी एक ओझे कशाला?

आमच्याच जिल्ह्यात, पालघरच्या किनाऱ्यावर, तारापूरला 1969 साली देशातली पहिली अणुवीज सुरू झाली. तिथल्या अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या ज्या नळ्यांत भरतात, त्या नळ्यांचा धातूही मुख्यतः झिर्कोनियमच, म्हणजे जरकनपासून मिळणारा. डोंगरावर वीज येते-जाते. येते तेव्हा तिच्यात जरकनचा काही हात असू शकेल, एवढेच.

मला हे सगळे लिहावेसे वाटले त्याला आणखी एक कारण आहे, ते वर्गातले. आमच्या शाळांत वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा घरांतली मुले येतात. एखादे वारली पोर निबंधात 'मुलगा' न लिहिता 'पोसा' लिहिते. त्यावर लाल शाईची रेघ पडते नि बाजूला शब्द येतो, 'अशुद्ध'. सराफाच्या 'खोटा'चा हा सख्खा भाऊ. 'पोसा' हा 'मुलगा' म्हणावयाचा फसलेला प्रयत्न आहे, असे ही रेघ धरून चालते. जणू त्या पोराच्या आजीने शेकडो रात्री ज्या भाषेत गोष्टी सांगितल्या ती पुण्याची नक्कल करू पाहत होती नि तिला ती साधली नाही. ती स्वतःच्या खाणीतली, स्वतःच्या वजनाची भाषा आहे. पण इथेही ताईची दुसरी वही विसरून चालत नाही. दहावीची उत्तरपत्रिका तपासणारा 'पोसा'ला मार्क देणार नाही, आणि भाषेच्या कौतुकात रमून मी त्या पोराला 'मुलगा' लिहावयास शिकविले नाही, तर मीही त्याची दुसऱ्यांदा फसवणूक करीन. तेव्हा 'मुलगा' शिकवितो, घोटून घेतो. रेघ मात्र मारीत नाही. शेजारी दुसरा शब्द लिहितो नि दोन्ही ठेवतो. परवा एका पोरीने विचारले, "गुरुजी, मग यातला खरा कोणता?" तिला मी सांगितले ते तिला पुरेसे वाटले नाही असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले, आणि घंटा झाली.

धाकटी कुड्या घालते. कोणी विचारले तर जरकनच्या म्हणून सांगते. त्यावर विचारणारी बहुतेक म्हणते, "अगंबाई, मला वाटलं खऱ्या!" आधी ती यावर जरकनची सगळी हकीकत सांगत बसे, आता नुसती हसते. गेल्या महिन्यात दुसऱ्या कुडीतला एक खडा सुटला. तिने तो कापसात एकटा गुंडाळून कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे. दिवाळीनंतर नाशिकला जाणे होईल, तेव्हा बसवून आणावयाचा आहे.